लॉन दर फेब्रुवारीला पिवळं पडतंय? युरिया टाकायच्या आधी जमीन उकरून बघा

गणपतीत हिरवंगार असलेलं लॉन जानेवारी संपता संपता फिकं पडायला लागतं, मग फेब्रुवारीत चट्टे दिसतात, आणि नीट आठवून बघितलं तर ते गेल्या वर्षीच्याच जागी असतात. गेटजवळचा एक, कंपाउंडच्या भिंतीलगतचा एक पट्टा, मधेच कुठेतरी ताटाएवढा गोल. मग माळीकाका येतात, युरिया मारू म्हणतात, वरून लाल मातीचा एक थर टाकू म्हणतात, पाणी वाढवा म्हणतात, पंधरा दिवस जरा हिरवं दिसतं आणि एप्रिलमध्ये परत तेच. जूनमध्ये पाऊस पडला की सगळं आपोआप हिरवं होतं त्यामुळे कोणी पुढे विचारच करत नाही, आणि पुढच्या फेब्रुवारीला पुन्हा पहिल्यापासून सुरू.

माझं म्हणणं एवढंच आहे की चट्टा दरवर्षी त्याच जागी येत असेल तर दोष गवताचा नाही, त्या जागेचा आहे. पुण्यात जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो, त्या चार महिन्यांत वाईट जमिनीवरही गवत तरतं कारण वरून सतत ओल मिळत असते आणि क्षार धुऊन जातात. ऑक्टोबरनंतर ते झाकण निघतं. फेब्रुवारीत जे दिसतं ते त्या जमिनीचं खरं रूप, म्हणून शोधायचं असेल तर हाच महिना सगळ्यात चांगला.

पण त्याआधी एक गोष्ट वेगळी काढू. पूर्ण लॉन सारखंच फिकं, भुरकट झालं असेल, चट्टे नसतील, तर तो बहुतेक वेळा आजार नसतोच. आपल्याकडे लावतात ती गवतं, म्हणजे कोरियन किंवा मेक्सिकन म्हणून विकतात ती, सिलेक्शन वन, बर्म्युडा (आपली हरळी म्हणा), ही सगळी उष्ण हवेची गवतं आहेत. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-११ डिग्रीपर्यंत जातात, पाषाण, एनडीएच्या (खडकवासल्याची संरक्षण प्रबोधिनी) बाजूला तर अजून खाली, आणि अशा थंडीत ती गवतं वाढ थांबवून झोपतात. मरत नाहीत. मुठीत थोडं गवत धरून हलकं ओढून बघा, घट्ट बसलेलं असेल आणि बुडाशी, मातीलगत, पांढुरकं-हिरवट खोड दिसत असेल तर ते जिवंत आहे, हवा तापली की उठेल. अशा वेळी खताचा मारा करून काही होत नाही, मुळं ते घेतच नाहीत, पैसे पाण्याबरोबर गटारात जातात. ओढल्यावर गवत चटईसारखं सहज उचललं गेलं किंवा काड्या हातात तुटून आल्या तर मात्र पुढचं वाचा.

अमेरिकेतले लॉनचे व्हिडिओ बघून मार्चमध्ये फेस्क्यू नाहीतर ब्ल्यूग्रासचं बी मागवणारेही बरेच आहेत, त्यांना कळकळीची विनंती, नका करू. ती थंड हवेची गवतं आहेत, तिकडे बर्फ वितळला की ती वाढतात, आपल्याकडे मार्चमध्ये दुपारचं ३५-३६ होतं आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती टिकत नाहीत. तिकडचा वसंत आणि आपला चैत्र यात फार फरक आहे, त्यांचं वेळापत्रक इथे लावता येत नाही.

आता चट्ट्यांकडे. पहिलं हत्यार खुरपं आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर. आदल्या दिवशी संध्याकाळी लॉनला नेहमीसारखं पाणी द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रू ड्रायव्हर चांगल्या जागेत दाबा आणि मग चट्ट्यात दाबा. चांगल्या जागेत तो पाच-सहा इंच सहज जातो. चट्ट्यात दीड-दोन इंचावर टक्क करून अडला तर खाली काहीतरी कडक आहे, आणि न अडता पण फार जोर लावून जात असेल तर माती दाबली गेलीय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि उपायही वेगळे.

टक्क आवाज आला तर बहुतेक वेळा तो राडारोडा. बाणेर, वाकड, उंड्री, वाघोली, जिथे जिथे गेल्या पंचवीस वर्षांत बांधकामं झाली तिथे बंगल्याभोवतीची जमीन म्हणजे विटांचे तुकडे, प्लास्टरचा चुरा, सिमेंटचे गड्डे, फरशीचे तुकडे, आणि त्यावर चार इंच माती टाकून लॉनच्या लाद्या (मातीसकट कापलेले गवताचे तुकडे) अंथरलेल्या. वरून कळत नाही. पण तिथे मुळांना खोली मिळत नाही, पाणी धरायला माती नाही, दगड-सिमेंट दुपारी तापतं, आणि शिवाय प्लास्टरमधल्या चुन्यामुळे आजूबाजूची माती अजून अल्कधर्मी होते. अशा जागी तुम्ही कितीही पाणी घाला, ते दोन दिवसही टिकणार नाही. याला शॉर्टकट नाही, खणावंच लागतं. चट्ट्यातलं गवत खुरप्याने लादीसारखं कापून बाजूला ठेवा, आठ ते दहा इंच खणा, निघेल तो राडारोडा काढून टाका (पोतंभर निघतो, तयारी ठेवा), आणि तो खड्डा आजूबाजूच्याच मातीत एक तृतीयांश कुजलेलं शेणखत मिसळून भरा. भरताना थोडं थोडं पाणी घालत, पायाने हलकं दाबत भरा, नाहीतर पावसाळ्यात तिथे खळगा होतो. मग गवत परत बसवा. एकदा मेहनत आहे, पण तो चट्टा परत येत नाही, आणि हे सांगताना मला खरंच बरं वाटतं कारण लोक त्याच दोन फुटांसाठी वर्षानुवर्षं खत विकत घेत असतात.

थांबा, सोसायटीचं पोडियम गार्डन असेल तर हे अजिबात करू नका. तिथे खाली पार्किंगचा स्लॅब आहे, मातीची खोलीच कमी असते, त्याखाली वॉटरप्रूफिंग असतं. पहार मारलीत आणि ते फाटलं तर खालच्या गाड्यांवर पाणी गळेल आणि पुढची कटकट फार मोठी आहे. बंगल्यातसुद्धा जमिनीखालची टाकी कुठे आहे ते आधी बघून घ्या, टाकीच्या स्लॅबवर कमी माती असल्यामुळे तिथलं लॉन बरोबर टाकीच्या आकारात, चौकोनी, वाळतं. चौकोनी चट्टा दिसला की आधी टाकी आठवा. तिथे लॉनचा हट्ट सोडून कुंड्या ठेवलेल्या बऱ्या.

दुसरं म्हणजे दाबली गेलेली माती. पुण्याची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात, त्या भेगांमध्ये मुळं अक्षरशः तुटतात. त्यात गेटपासून दारापर्यंत सगळे लॉनवरूनच शॉर्टकट मारत असतील, मुलं रोज एकाच ठिकाणी स्टंप रोवत असतील, तर तिथली माती विटेसारखी होते. इथे गार्डन फोर्क घ्यायचा, लॉन ओलसर असताना (चिखल नाही, वाफसा), तीन-चार इंच खोल, तीन-चार इंचांच्या अंतरावर भोकं पाडत जायचं. मातीची गुंडी बाहेर काढणारं पोकळ टोकाचं हत्यार मिळालं तर अजून उत्तम, कारण चिकण मातीत भरीव टोक भोकाच्या कडा अजून दाबतं. मग त्या भोकांमध्ये जाड वाळू आणि चाळलेलं गांडूळखत अर्धं-अर्धं मिसळून झाडूने लोटायचं. वाळू नदीची मिळत नाही आता सहज, क्रश सँड मिळते, ती चालेल पण धुतलेली, आतली दगडाची भुकटी काढलेली घ्या नाहीतर तीच भोकात बसून सिमेंटसारखी होते. आणि वाळू काळ्या मातीत वरवर मिसळू नका, थोड्या वाळूने चिकण माती सुधारत नाही, उलट अजून घट्ट होते. भोकात भरा, एवढंच.

लाल मातीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. दर फेब्रुवारीला लॉनवर लाल मातीचा थर टाकायची पुण्यात पद्धतच पडलीय. लाल माती वाईट नाही, पण दरवर्षी इंचभर टाकत गेलात की खाली काळी, वर लाल, त्यावर परत लाल असे पापुद्रे तयार होतात, पाणी दोन थरांच्या सीमेवर थबकतं, मुळं वरच्या थरातच फिरत राहतात, आणि लॉनची पातळी फरशीच्या वर जाते म्हणजे पावसात माती अंगणात. शिवाय त्या मातीबरोबर नागरमोथ्याच्या गाठी फुकट येतात. खुरप्याने सहा इंचाचा एक उभा काप काढून बाजूने बघा, थर स्वच्छ दिसतात. दिसले तर यंदाचा ट्रक रद्द करा, आणि वर सांगितलेली भोकं जरा खोल, खालच्या काळ्या मातीत शिरतील इतकी पाडा. वरून टाकायचंच असेल तर गांडूळखत मिसळून पाव इंच, त्याहून जास्त नाही, गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. १०० चौरस फुटांना पाव इंच म्हणजे ६० लिटरच्या आत, मोजकीच घमेली. ट्रक लागतच नाही.

स्क्रू ड्रायव्हर नीट गेला, खाली काही नाही, तरी पिवळं? मग पात्याकडे बघा, आणि नवं पान बघा की जुनं ते लक्षात ठेवा. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. नवी पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, आणि पुण्यात हे फार होतं कारण आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, सामू (pH) आठच्या आसपास, आणि अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. घरी बघायचं असेल तर सुकलेल्या मातीच्या ढेकळावर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका, बुडबुडे फसफसले तर चुना आहे. बोअरचं पाणी असेल तर अजून भर, नळावर आणि फरशीवर पांढरे डाग पडतात ना, तेच क्षार ऑक्टोबरपासून रोज लॉनमध्ये साठत जातात आणि फेब्रुवारीपर्यंत पुरेसे साठतात. इथे युरिया घालून काही उपयोग नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. आठवड्याभरात रंग बदलतो. शहाबादी किंवा कोटा फरशीवर उडालं तर गंजाचे डाग पडतात आणि ते निघता निघत नाहीत, तेव्हा कडेला आधी पाणी मारून ठेवा आणि उडालं की लगेच धुवा. बोअरवाल्यांनी महिन्यातून एकदा तरी नेहमीच्या दुप्पट पाणी सावकाश देऊन क्षार खाली ढकलायचे, शक्य असेल तर कॉर्पोरेशनच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने.

भिंतीलगतच्या पट्ट्याचं कारण बरेचदा सावली असते आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. घराच्या उत्तरेला लॉन असेल तर बघा, डिसेंबरमध्ये पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य फक्त ४८ अंशांपर्यंत चढतो, ३० फूट उंच घराची सावली २७ फूट लांब पडते. मार्चच्या विषुवदिनाला तीच सावली १० फुटांवर येते. म्हणजे मधल्या पट्ट्यातलं गवत दोन-तीन महिने अंधारात विरळ झालेलं असतं आणि त्यावर अचानक ३३-३४ डिग्रीचं ऊन येतं. ते करपणारच. इथे खत नको, डिसेंबर-जानेवारीत तिथलं गवत जरा उंच ठेवायचं आणि पाणी कमी करायचं (सावलीत सुकत नाही, बुरशी लागते), एवढ्याने फरक पडतो. आणि बर्म्युडाला रोज सहा-सात तास ऊन लागतं, ते वर्षभर नसेलच तर बर्म्युडा तिथे टिकणार नाही, मेक्सिकन चार-पाच तासांत भागवतं, त्याहूनही कमी असेल तर बफेलो ग्रास नाहीतर सरळ झाडं लावा. दक्षिणेला किंवा पश्चिमेला काचेची मोठी खिडकी किंवा काचेचं रेलिंग असेल तर उलटं होतं, काचेवरून परावर्तित झालेलं ऊन एका पट्ट्यावर पडून तेवढाच पट्टा जळतो. दुपारी तीनला उभं राहून बघा, चकाकी कुठे पडते ते.

बाहेर हिरवंगार कडं आणि आत मेलेलं गवत असा वाटीएवढा गोल म्हणजे कुत्र्याची शू. लगेच बादलीभर पाणी ओतलं तर वाचतं. वाळक्या काड्यांवर मातीचा पातळ लेप दिसला तर वाळवी, ती बहुतेक मेलेलं वाळकं खाते म्हणून आधी वाळकं काढा, तरी वाढली तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, घरात मुलं-कुत्री असताना स्वतः कीटकनाशक ओतू नका. हुमणीचा संशय असेल तर तिचा सीझन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टपासून पुढे, फेब्रुवारीतल्या चट्ट्याचं खापर सहसा तिच्यावर फोडता येत नाही.

पाण्याबद्दल. रोज संध्याकाळी पाइप घेऊन पाच मिनिटं फवारणं सगळ्यात वाईट, वरचा अर्धा इंच भिजतो, मुळं तिथेच राहतात आणि मार्चच्या उन्हात तीच आधी भाजतात. आठवड्याला साधारण एक इंच पाणी लागतं, फेब्रुवारीत थोडं कमी चालतं, एप्रिलमध्ये थोडं जास्त. १०० चौरस फुटांना एक इंच म्हणजे जवळजवळ २३५ लिटर. ते दोन वेळात द्या, पहाटे किंवा सकाळी लवकर. स्प्रिंकलर असेल तर लॉनवर सरळ कडांचे चार-पाच सारखे डबे ठेवा आणि पंधरा मिनिटांनी प्रत्येकात किती साठलं ते पट्टीने मोजा. एका डब्यात बोटभर आणि दुसऱ्यात तळ ओला असं निघालं, आणि तो दुसरा डबा नेमका चट्ट्यात असेल, तर बाकी काही करू नका, स्प्रिंकलरची दिशा बदला. काळी माती पाणी हळू पिते, वाहायला लागलं की थांबा, अर्ध्या तासाने परत द्या.

आता हे सगळं कधी करायचं. लॉन अजून झोपलेलं असताना खरवडणं, भोकं पाडणं, बुडापर्यंत कापणं नको, जखमा भरायला त्याच्यात ताकद नसते. होळी ते गुढीपाडवा हे पंधरा दिवस आपल्याकडे बहुतेक वर्षी बरोबर बसतात. होळी फार उशिरा असेल त्या वर्षी तिथीची वाट बघत बसू नका, रात्रीचं तापमान सलग आठवडाभर १५-१६ च्या वर राहिलं आणि पहिली हिरवी टोकं दिसली की सुरू करा. आधी दंताळ्याने बुडाशी साठलेला वाळक्या काड्यांचा थर काढा, तो अर्ध्या इंचापेक्षा जाड झाला की पाणी मातीपर्यंत पोहोचतच नाही. मेक्सिकनमध्ये हा थर फार होतो, पायाखाली स्पंजसारखं लागतं. याच दिवसांत पिंपळ, शिरीष यांची पानगळ चालू असते, ती पानं रोज झाडा, खाली दबलेलं गवत पांढरं पडतं. मग कापणी, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही, आणि पात्याला आधी धार लावून घ्या. कापल्यावर दोन दिवसांनी गवताची टोकं चिंधीसारखी फाटलेली आणि पांढरी दिसली तर मूव्हरचं पातं बोथट आहे, माळीकाकांना प्रेमाने दाखवा, त्यांनाही ते बघितलं की पटतं.

खत त्यानंतर, गवत नवी पाती काढायला लागल्यावर. १०० चौरस फुटांना निंबोळी पेंड दोन किलो, गांडूळखत पाव इंचाच्या थरात आलंच. युरिया द्यायचाच असेल तर १०० चौरस फुटांना ५० ग्रॅम, कोरड्या पानांवर सगळीकडे सारखा फेकून लगेच भरपूर पाणी. मुठी भरभरून टाकला तर गवत जळतं, आणि मग त्याच खुणा लोक बुरशी समजून पुढचं औषध आणतात. न कुजलेलं शेणखत नको, त्यातून तण येतं. नागरमोथा ओळखायला सोपा, देठ बोटांत फिरवलं की त्रिकोणी लागतं. वरून उपटलात तर खालच्या गाठीतून परत येतो, लॉन ओलं असताना खुरप्याने गाठीसकट काढा आणि आठवड्याला फेरी मारत राहा, त्याला पर्याय नाही.

खणून नवीन गवत बसवायचं काम मात्र पाण्याचा हिशोब करून ठरवा. मार्चमध्ये बसवलेल्या लादीला पहिले दोन आठवडे रोज पाणी लागतं. तुमच्याकडे टँकर येत असेल तर आत्ता फक्त राडारोडा काढून माती भरून ठेवा आणि गवत जूनच्या पहिल्या पावसानंतर बसवा, सोलापूर रोडला लोणी-उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांमध्ये तेव्हा ताजा माल मिळतो. लादी घेताना उलटी करून बघा, खाली कुठली माती आहे आणि पांढरी मुळं आहेत का. आणि माती तपासून घ्यायची असेल तर याच दिवसांत घ्या, चट्ट्यातली वेगळी पिशवी आणि चांगल्या जागेतली वेगळी पिशवी, दोन्हीवर नाव लिहून. दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय एका रिपोर्टमधून काही कळत नाही.

मे महिन्यात पाणीकपात आली आणि लॉनला इंचभर पाणी देणं शक्यच नसेल, तर घाबरू नका आणि पिण्याचं पाणीही ओतू नका. ही गवतं वरून वाळून आतून जिवंत राहू शकतात. दोन-अडीच आठवड्यांतून एकदा अर्धा इंच, म्हणजे १०० चौरस फुटांना सव्वाशे लिटरच्या आत, धुण्याच्या शेवटच्या पाण्याचंही चालेल (फार साबण नको), कापणी बंद, खत बंद, त्यावरून चालणं बंद. एवढ्यावर बुडं जिवंत राहतात.